स्वभावाला औषध

‘स्वभावाला औषध नाही’ ही म्हण आपल्याकडे वाद मिटवायला वापरतात. सून तुसडी वागते, सासू हल्ली उगाच किरकिर करते, कॉलेजातली मुलगी दुपारपर्यंत लोळत पडते, नवरा कामावरून आला की घुम्यासारखा बसून राहतो. बोलून बोलून सगळे थकले की कुणीतरी ही म्हण पुढे करतं आणि विषय बंद होतो. या पुस्तकाचा विषय तिथून पुढे सुरू होतो. अशा माणसांपैकी काहींच्या बाबतीत बिघाड रक्ताच्या साध्या चाचणीत दिसतो आणि त्यावर औषधही असतं. काहींच्याच, सगळ्यांच्या नाही. आरोग्यावरचं आपल्याकडचं बरंचसं लेखन माझ्या मते इथंच घसरतं: एक तर मनाचं सगळं मनावर ढकलायचं, नाही तर सगळ्याचं खापर ‘हार्मोन्स’वर फोडायचं.

ग्रंथींतून थेट रक्तात उतरणाऱ्या आणि अगदी अल्प प्रमाणात दूरच्या अवयवांना कामाला लावणाऱ्या या द्रव्यांना हार्मोन हे नाव १९०५ साली लंडनच्या अर्नेस्ट स्टार्लिंग यांनी दिलं. हृदय, आतडी, कातडी, स्नायू या सगळ्यांवर त्यांची हुकमत चालते हे आपण सहज मान्य करतो. मेंदूलाही तेच रक्त मिळतं, पण मनःस्थितीचा विषय निघाला की आपण मानेपाशी भिंत घालतो. पुस्तकातली प्रकरणं ही भिंत वेगवेगळ्या ठिकाणी तपासतात. प्रस्तावनेत मात्र मी थायरॉइडपाशीच जास्त रेंगाळणार आहे. हा बिघाड घरोघर आहे, त्याची तपासणी स्वस्त आहे, आणि ग्रंथीचा माणसाच्या वृत्तीशी काय संबंध आहे याचा इतका उघडावाघडा पुरावा दुसऱ्या कुठल्याही ग्रंथीच्या इतिहासात मला दिसलेला नाही.

तो पुरावा स्वित्झर्लंडमधला आहे. आल्प्सच्या खोऱ्यांत मातीतच आयोडीन कमी, त्यामुळे गलगंड सर्रास. बर्नचे शल्यविशारद थिओडोर कोखर गलगंड काढण्यात निष्णात होते. १८७४ साली त्यांनी ११ वर्षांच्या एका मुलीची थायरॉइड ग्रंथी समूळ काढली. जखम छान भरली. काही काळाने मुलीच्या गावच्या डॉक्टरांनी कोखरना कळवलं, की पोरीचा स्वभाव पार बदलला आहे. ही गोष्ट मागे पडली. पुढे १८८२ मध्ये जिनिव्हाच्या रेव्हर्दँ या सर्जनने आपल्या रुग्णांबद्दल असंच काहीसं सांगितलं, तेव्हा कोखरनी आपले जुने रुग्ण बोलावून घेतले. ती मुलगी आली, तिची धाकटी बहीणही आली. एके काळी दोघी सारख्या दिसत. आता धाकटी वाढून उमलली होती आणि थोरली खुजी, मंद, निर्विकार चेहऱ्याची राहिली होती. संपूर्ण ग्रंथी काढलेल्या बहुतेक रुग्णांची थोड्याफार फरकाने हीच गत होती. कोखरनी हे सगळं १८८३ मध्ये स्वतःच प्रसिद्ध केलं आणि साध्या गलगंडासाठी पूर्ण ग्रंथी काढणं थांबवलं. थायरॉइडवरच्या कामाबद्दल १९०९ साली त्यांना नोबेल मिळालं. आज पूर्ण ग्रंथी काढावी लागलेला रुग्ण रोज एक गोळी घेऊन नेहमीसारखा जगतो. तेव्हा ती गोळी नव्हती, म्हणूनच ग्रंथीबरोबर माणसाचं काय काय जातं हे जगाला दिसलं.

इंग्लंडमध्ये याच सुमाराला डॉक्टर दुसऱ्या टोकाने तिथंच पोहोचत होते. सर विल्यम गल यांनी १८७३ मध्ये प्रौढ स्त्रियांमधल्या एका विचित्र अवस्थेचं वर्णन केलं होतं: चेहरा सुजलेला, जीभ जड, हालचाल संथ, मन मंद. पुढे तिला मिक्सिडीमा म्हणू लागले. लंडनच्या क्लिनिकल सोसायटीने नेमलेल्या समितीने १८८८ मध्ये १०९ रुग्णांचा अहवाल काढला. त्यांतल्या जवळजवळ निम्म्या रुग्णांना भ्रम किंवा भास होत असल्याची नोंद त्यात आहे. तीन वर्षांनी, १८९१ मध्ये, न्यूकॅसलच्या जॉर्ज मरे या तरुण डॉक्टरने मेंढीच्या थायरॉइडचा अर्क ४६ वर्षांच्या एका बाईला टोचायला सुरुवात केली. तिचं बोलणं संथ झालं होतं, घरकामाला पूर्वीपेक्षा जास्त वेळ लागत होता आणि परक्या माणसांना भेटणं नकोसं झालं होतं. काही महिन्यांत ती सुधारली. पुढे २८ वर्षं जगून ती ७४व्या वर्षी वारली. तोवर तिच्या औषधासाठी ८७० हून जास्त मेंढ्या लागल्या होत्या.

परक्यांना भेटणं नको होणं. पाठ्यपुस्तकातल्या यादीत हे लक्षण सहसा नसतं, आणि माझ्याकडे येणाऱ्या बायका ते हमखास सांगतात. लग्नाला जायचं टाळते, भिशी सोडली, दारावरची बेल वाजली तरी कपाळाला आठी पडते. हे सांगताना त्यांच्या बोलण्यात अपराधीपणा असतो, जणू आपण माणूसघाणे झालो.

थायरॉइड मंदावला की मनही बिघडू शकतं, हा धडा डॉक्टरमंडळी मधल्या काळात विसरलीच होती. १९४९ साली लंडनच्या रिचर्ड ॲशर यांनी मनोरुग्ण समजल्या गेलेल्या १४ मिक्सिडीमा रुग्णांची हकिगत छापली, तेव्हा तो पुन्हा चर्चेत आला. थायरॉइडचा अर्क दिल्यावर त्यांतले बहुतेक भानावर आले होते. गंमत अशी, की या आजाराने वेडसर ठरलेल्या माणसाचा प्रसंग ए. जे. क्रोनिन यांनी बारा वर्षं आधीच ‘द सिटाडेल’ या कादंबरीत रंगवला होता. क्रोनिन स्वतः डॉक्टर होते. आपल्याकडे ही कादंबरी ‘तेरे मेरे सपने’ या देव आनंदच्या सिनेमामुळे आडवाटेने का होईना, पोहोचली आहे.

इतक्या टोकाला गेलेला रुग्ण आता क्वचित दिसतो. आता दिसतो तो अर्धामुर्धा बिघाड, आणि तोच ओळखायला कठीण. घाटीच्या खाली, श्वासनलिकेला बिलगून असलेली ही जेमतेम वीस ग्रॅमची ग्रंथी आयोडीन वापरून मुख्यतः टी-फोर (थायरॉक्सिन) बनवते. त्यातला आयोडीनचा एक अणू काढला की टी-थ्री होतं, आणि पेशींवर खरं काम तेच करतं. मेंदू आपल्याला लागणारं टी-थ्री बरंचसं स्वतःच्या पेशींत तयार करून घेतो. पुरवठा कमी पडला की सगळ्याच गोष्टींची लय मंदावते: नाडी, आतडी, घाम, विचार. थंडी जास्त वाजते, पोट साफ होत नाही, केस गळतात, आवाज घोगरा होतो, पाळीत अंगावरून जास्त जातं, पाय भरून येतात. आणि त्याबरोबर उत्साह जातो, नावं आठवत नाहीत, वाचलेलं पान परत वाचावं लागतं, कारण नसताना डोळे भरून येतात. हे एका रात्रीत होत नाही. महिनोन् महिने थोडं थोडं होतं, म्हणून घरच्यांना आजार दिसत नाही, स्वभाव बदललेला दिसतो.

रिपोर्ट हातात आला की पहिला गोंधळ टीएसएचचा. ‘माझा थायरॉइड वाढलाय’ असं सांगत येणाऱ्या दहांपैकी आठ जणांचा थायरॉइड मंदावलेला असतो. टीएसएच हे थायरॉइडचं हार्मोन नव्हे. ते मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरीकडून येतं आणि थायरॉइडला काम करायला सांगतं. मजूर ढिले पडले की मुकादमाचा आवाज चढतो, तसं थायरॉइड ढिला पडला की टीएसएच वाढतं. थायरॉइड बेफाम सुटला तर मुकादम गप्प बसतो आणि टीएसएच तळाला जातं. बहुतेक प्रयोगशाळांत प्रौढांसाठी साधारण ०.४ ते ४ ही मर्यादा छापलेली असते. वयाबरोबर ती वर सरकते, पण हे रिपोर्टवर सहसा छापत नाहीत, आणि सत्तरीच्या आजोबांना साडेपाच आकडा पाहून घाम फुटतो.

२०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत आठ शहरांतल्या पाच हजारांहून जास्त प्रौढांची रक्ततपासणी झाली होती. त्यात मुंबई आणि गोवा दोन्ही होते. सुमारे ११ टक्के लोकांचा थायरॉइड मंद निघाला. स्त्रियांत हे प्रमाण जवळजवळ १६ टक्के, पुरुषांत ५. त्यांतल्या साधारण तिसऱ्या हिश्श्याला आपल्याला असं काही आहे याचा पत्ताही नव्हता. मिठात आयोडीन घालूनही इतकं कसं, असं लोक विचारतात. आयोडीनयुक्त मिठाची उपयुक्तता डॉ. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५६ पासून कांगडा खोऱ्यात सिद्ध केली, १९६२ मध्ये राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला, आणि मोठे लोंबते गलगंड खरोखरच कमी झाले. आज शहरात दिसणाऱ्या मंद थायरॉइडचं मोठं कारण वेगळं आहे. शरीराची प्रतिकारशक्तीच स्वतःच्या ग्रंथीवर उलटते. हाकारू हाशिमोतो या जपानी डॉक्टरांनी १९१२ मध्ये चार स्त्रियांच्या ग्रंथी तपासून ज्याचं वर्णन केलं, तोच हा आजार. मीठ हे त्याचं मूळ कारण नाही. म्हणून आयोडीनचं मीठ सोडून रोजच्या स्वयंपाकात सैंधव वापरण्याची जी टूम निघाली आहे, ती मला पटत नाही. उपासाला चार दिवस ठीक आहे.

बाळंतपणानंतरच्या वर्षात थायरॉइड की मन, हा गोंधळ सर्वांत जास्त घात करतो. काही स्त्रियांच्या थायरॉइडला प्रसूतीनंतर काही महिन्यांत सूज येते. आधी साठलेलं हार्मोन रक्तात सांडतं: छातीत धडधड, झोप नाही, चिडचिड. मग साठा संपतो आणि ग्रंथी मंद पडते. बाळ पाच-सहा महिन्यांचं असताना आईला हुंदके येतात, बाळाला घ्यावंसं वाटत नाही. तोवर माहेरहून ती परत आलेली असते, डिंकाचे लाडू संपलेले असतात आणि घरातल्या सगळ्यांची सहानुभूतीही. कुणी म्हणतं बाहेरचं काही झालंय, कुणी अंगारा आणतं. शहरी घरात अंगाऱ्याच्या जागी ‘पोस्टपार्टम डिप्रेशन असेल, होतं असं’ हे वाक्य असतं, आणि तेही तितकंच बिनतपासणीचं. प्रसूतीनंतरचं नैराश्य हा खरा आणि गंभीर आजार आहे, त्यावर स्वतंत्र उपचार लागतात. थायरॉइडची सूजही खरी आहे, आणि ती बऱ्याचदा वर्षभरात आपोआप ओसरते. दोन्ही एकाच बाईला एकाच वेळी असू शकतात. त्यामुळे बाळाच्या लशीच्या फेरीत आईचं टीएसएच तपासून घ्यायला सांगणारे बालरोगतज्ज्ञ मला फार शहाणे वाटतात.

थायरॉइड जोरात धावणाऱ्यांची गोष्ट वेगळीच. हात थरथरतात, भूक वाढूनही वजन उतरतं, उन्हाळा सोसवत नाही, रात्री डोळा लागत नाही, बोलता बोलता आवाज चढतो. अशा माणसाला लोक तापट म्हणतात, डॉक्टर कधी कधी ‘टेन्शन घेता’ म्हणून झोपेची गोळी देतात. त्याची नाडी मोजली आणि हात पुढे ताठ धरायला सांगितले, तरी अर्धं निदान होतं. या बाबतीत पुरुष मागे राहतात, कारण पुरुषाची चिडचिड ही आपल्याकडे तपासण्याची गोष्टच मानली जात नाही.

आता दुसरी बाजू, आणि ती मी मुद्दाम लांबवणार आहे. टीएसएच किंचित वाढलेलं, टी-फोर अगदी ठीक, आणि माणूस थकलेला, उदास. गोळी दिली की उदासी जाईल का? २०१७ मध्ये युरोपात झालेली एक मोठी चाचणी प्रसिद्ध झाली. ६५ वर्षांवरच्या ७३७ जणांना असाच किंचित बिघाड होता. निम्म्यांना थायरॉक्सिन दिलं, निम्म्यांना दिसायला तशीच पण औषध नसलेली गोळी. वर्षभरानंतर थकव्यात दोन्ही गटांत फरक पडला नाही. म्हणजे टीएसएच ५.८ आलं म्हणून पतीच्या निधनानंतर गप्प झालेल्या आजींचं दुःख त्या आकड्यातून आलेलं आहे असं समजणं चूक. सकाळी पाचला उठून डबे करणारी, लोकल पकडून ऑफिस गाठणारी आणि रात्री मुलांचा अभ्यास घेणारी बाई थकलेली असते, त्याला ग्रंथीची गरज नाही. काही घरांत तर ‘तिला थायरॉइड आहे’ हे वाक्य तिची तक्रार न ऐकण्याची सोय होऊन बसतं. ती कामाच्या वाटणीबद्दल बोलत असते आणि उत्तर येतं, आज गोळी घेतली का? गोळी सुरू होऊन टीएसएच मर्यादेत आलं आणि तरी मन उचललं जात नाही, तर नैराश्याची तपासणी करायलाच हवी. थायरॉइडच्या नावाखाली ती लांबवली जाते, हे मी वारंवार पाहतो.

उलट बाजूनेही हीच दक्षता लागते. मनोविकारतज्ज्ञांकडून लिथियम घेणाऱ्या काही रुग्णांचा थायरॉइड त्या औषधानेच मंदावतो. म्हणून त्यांची टीएसएच तपासणी ठराविक काळाने होतच राहिली पाहिजे. मन उतरलं की आजार उलटला असं समजून औषध वाढवण्याआधी हा साधा रिपोर्ट बघायला हरकत काय?

गोळीबद्दल थोडं, कारण चांगलं औषध चुकीच्या वेळी घेतल्याने वाया जातं. थायरॉक्सिन रिकाम्या पोटी, पाण्याबरोबर, चहाच्या निदान अर्धा तास आधी घ्यायचं असतं. घरात सगळ्यांत आधी उठून सगळ्यांचा चहा टाकणाऱ्या बाईला हा अर्धा तास सापडत नाही, आणि गोळी चहाबरोबरच पोटात जाते. तिला रात्री जेवणानंतर तीन तासांनी घेणं सोयीचं पडत असेल तर तसंही चालतं. डॉक्टरांना विचारून वेळ बदलावी. कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्या चार तास लांब ठेवाव्यात. मात्रा बदलली की सहा आठवड्यांच्या आत पुन्हा टीएसएच करण्यात अर्थ नसतो, कारण हे हार्मोन रक्तातून निम्मं व्हायलाच आठवडा लागतो. पंचवीसची पन्नास केली आणि पंधरा दिवसांत फरक नाही म्हणून डॉक्टर बदलू नये. कोबी-फ्लॉवर पूर्ण बंद करण्याचीही गरज नाही, शिजवून बेताने खावेत. आणि केस गळतात म्हणून बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर रक्त देण्याआधी प्रयोगशाळेला जरूर सांगावं. त्यांच्यामुळे थायरॉइडचे आकडे चुकीचे येऊ शकतात, अगदी मंद थायरॉइड बरा असल्यासारखाही दिसू शकतो.

बाकीच्या ग्रंथींबद्दल पुढची प्रकरणं सविस्तर बोलतात. पीसीओएसमध्ये चिंता आणि नैराश्य जास्त आढळतं, इतकं की या आजाराच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांत प्रत्येक रुग्णाची त्यासाठी चौकशी करावी असं सांगितलं आहे. तिथं इन्सुलिन आणि अँड्रोजेन यांचा वाटा किती आणि हनुवटीवरच्या केसांवरून, वजनावरून, स्थळं येण्यावरून ऐकाव्या लागणाऱ्या बोलण्याचा वाटा किती, हे वेगळं काढता येईल असं मला वाटत नाही. आपल्याकडे पाळी सरासरी सेहेचाळीस-सत्तेचाळीसच्या आसपास थांबते. त्याआधीच्या काही वर्षांत इस्ट्रोजेन नुसतं उतरत नाही, हेलकावे खातं, रात्री घामाने झोप मोडते, आणि याच वयात थायरॉइडही मंदावत असतो. ‘या वयात असंच व्हायचं’ हे वाक्य म्हणून धोक्याचं.

एका प्रकरणाकडे मात्र मी मुद्दाम बोट दाखवतो, ते स्टेरॉइडचं. गुडघेदुखीवर, दम्यावर गावोगाव मिळणाऱ्या बिननावाच्या पुड्यांत बऱ्याचदा स्टेरॉइड असतं. पहिल्या आठवड्यात दुखणं पळतं, भूक लागते, तरतरी येते, म्हातारी अंगणात फिरू लागते. महिन्यांनी चेहरा गोल होतो, साखर वाढते, झोप उडते, कधी माणूस नको इतकं बोलू लागतो, कधी रडत बसतो. मग कुणीतरी पुडी एकदम बंद करतं. तोवर अधिवृक्क (ॲड्रिनल) ग्रंथींनी शरीराचं स्वतःचं स्टेरॉइड, म्हणजे कॉर्टिसॉल, बनवणं सोडलेलं असतं. उलट्या, रक्तदाब घसरणं, कमालीची ग्लानी, आणि जिवावर बेतणं. अशी पुडी बराच काळ घेतली असेल तर ती स्वतःहून थांबवू नका. पुडी हातात घेऊन सरकारी दवाखान्यात जा आणि खरं ते सांगा.

हे पुस्तक वाचून कुणी स्वतःचं निदान स्वतः करू नये, आणि शेजारणीची गोळी तर मुळीच घेऊ नये. घरात कुणी बदललेलं वाटत असेल तर टीएसएच करून घ्या. रिपोर्ट बिघडलेला आला तर डॉक्टरांना दाखवा आणि गरज असेल तर उपचार सुरू करा. नीट आला तर तिथंच थांबू नका, मनाच्या डॉक्टरकडे जा. रिपोर्ट काहीही असो, जगणं नकोसं झाल्याचं कुणी बोलून दाखवलं तर तपासणीची वाट पाहू नका. केंद्र सरकारच्या टेलि-मानस सेवेचा क्रमांक १४४१६ आहे. तो विनामूल्य आहे, चोवीस तास चालू असतो आणि तिथं मराठीत बोलता येतं.